भौतिकशास्त्रज्ञ नेमके कोणाला म्हणायचे? मराठी वृत्तकक्षांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळे यांचे संपादक, उपसंपादक, अनुवादक व मुद्रितशोधक यांस

विषय : ‘भौतिकशास्त्रज्ञ’ या शब्दाचा अर्थ, लेखन आणि वापर

सप्रेम नमस्कार.

उपग्रह सुटला की नियंत्रण कक्षात टाळ्या वाजवणारे सगळे ‘शास्त्रज्ञ’. अणुभट्टी सुरू झाली की ती उभारणारे सगळे ‘अणुशास्त्रज्ञ’. मथळ्याला वजन हवे असले की त्यांतलेच दोन-चार ‘ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ’. मराठी बातमीची ही सवय जुनी आहे. उलट ज्यांनी हयातभर भौतिकशास्त्रच केले, त्यांच्या वाट्याला ‘वैज्ञानिक’, ‘अभ्यासक’, ‘विचारवंत’ यांपैकी हाताला येईल ते बिरूद येते. आम्ही हा विषय शिकवणारे आणि त्यातला मजकूर मराठीत आणणारे काही जण आहोत. आमचे म्हणणे एवढेच, की हा शब्द मानाचे पागोटे म्हणून कोणाच्या डोक्यावर ठेवू नका. त्या माणसाचे काम काय, हे वाचकाला कळावे म्हणून तो वापरा.

पदार्थ, ऊर्जा, बल, गती, प्रारण (रेडिएशन) आणि अवकाश-काल यांचे वर्तन कोणत्या नियमांनी चालते, हे शोधणारा किंवा मोजून पडताळणारा संशोधक म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ. व्याख्या सोपी आहे, घोळ होतो तो लागू करताना. माणसाची पदवी एक सांगते, काम दुसरेच सांगते आणि नियुक्तीपत्रावरचे पद तिसरेच. या तिघांत भांडण लागले की कामाची बाजू घ्यावी. व्यंकटरामन रामकृष्णन यांची पीएचडी भौतिकशास्त्रातली, पण पुढे ते जीवशास्त्राकडे वळले आणि पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चे नोबेल त्यांना मिळाले ते रसायनशास्त्राचे. त्यांना संरचनात्मक जीवशास्त्रज्ञ म्हणावे. अर्नेस्ट रदरफर्ड यांनाही १९०८ मध्ये नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचेच, तरी ते पक्के भौतिकशास्त्रज्ञ. मेरी क्युरी यांना १९०३ मध्ये भौतिकशास्त्राचे आणि १९११ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या नावामागे दोन्ही शब्द लावावेत, एक गाळण्याचे कारण नाही.

१९९८ च्या पोखरण चाचण्यांचा विषय निघाला की ए. पी. जे. अब्दुल कलाम, आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर ही नावे शेजारी-शेजारी येतात. या तिघांत भौतिकशास्त्रज्ञ एकटे चिदंबरम. कलाम यांची पहिली पदवी भौतिकशास्त्राची असली, तरी नंतर ते वैमानिकी अभियांत्रिकी शिकले आणि कारकीर्द केली ती अग्निबाण व क्षेपणास्त्रांत. काकोडकर मुंबईच्या व्हीजेटीआयचे यंत्र अभियंता. ‘अणुशास्त्रज्ञ’ हा ढोबळ शब्द या दोघांसाठी रुळला आहे आणि तो चालवून घेता येईल. ‘भौतिकशास्त्रज्ञ’ मात्र सरळ चूक. अभियंता म्हटल्याने कोणाचा मान कमी होतो, ही समजूतच या गोंधळाच्या मुळाशी आहे. आमच्या मते ती भाषेची अडचण नाही, आपल्या वर्गात कोण पहिल्या बाकावर बसतो याच्या जुन्या कल्पनेची आहे.

पदनामांमुळे फसगत होते तीही ध्यानात घ्यावी. इस्रोत भरती होते ती ‘सायंटिस्ट/इंजिनिअर-एससी’ या पदावर, डीआरडीओत ‘सायंटिस्ट-बी’ म्हणून आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘सायंटिफिक ऑफिसर-सी’ म्हणून. या पदांवर यंत्र, विद्युत, रसायन, संगणक अशा शाखांचे अभियंते असतात, रसायनशास्त्राचे पदव्युत्तर असतात आणि भौतिकशास्त्राचेही. म्हणजे ‘सायंटिस्ट’ ही तिथली श्रेणी झाली, तहसीलदार किंवा कक्ष अधिकारी असते तशी. पत्रकात नुसते ‘सायंटिस्ट’ असेल तर मराठीतही नुसते ‘शास्त्रज्ञ’ ठेवा. त्यातून भौतिकशास्त्रज्ञ काढू नका. संस्थेच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला ‘यांची शाखा कोणती?’ एवढे विचारले तरी काम भागते.

‘भौतिकशास्त्रातील तज्ज्ञ’ हा प्रयोग वेगळा आहे आणि उपयोगाचाही आहे. बारावीच्या प्रश्नपत्रिकेतली चूक दाखवणारे, पाठ्यपुस्तक समितीवर बसणारे, तीस वर्षे महाविद्यालयात शिकवणारे प्राध्यापक विषयतज्ज्ञ असतात. संशोधन करत असतील तर भौतिकशास्त्रज्ञही असतात, नसतील तर नसतात. त्यांना ‘भौतिकशास्त्राचे प्राध्यापक’ म्हणणे पूर्ण आणि खरे वर्णन आहे. पीएचडी चालू असलेल्यांना ‘संशोधक विद्यार्थी’ म्हणावे.

आता शाखा. सगळ्यांत जास्त गल्लत इथे होते. ताऱ्यांचे, दीर्घिकांचे भौतिक नियम शोधणारा खगोलभौतिकशास्त्रज्ञ. ‘खगोलशास्त्रज्ञ’ हा त्याहून व्यापक शब्द. त्यात दुर्बिणीतून निरीक्षणे घेणारेही आले. जयंत नारळीकर यांना खगोलशास्त्रज्ञ म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो चुकीचा नाही, पण त्यांचे मुख्य काम गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचना यांच्या सिद्धांतांवर होते. नेमके लिहायचे तर ‘खगोलभौतिकशास्त्रज्ञ’. शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर गुरुत्वाकर्षण आणि पुंजसिद्धांत (क्वांटम सिद्धांत) यांची सांगड घालण्याच्या कामासाठी ओळखले जातात. त्यांना खगोलशास्त्रज्ञ लिहिणे बरोबर नाही. ते सिद्धांत मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ. ज्योतिषशास्त्र हा शब्द जुन्या मराठीत आणि विश्वकोशातही खगोलासाठी येतो, परंतु ग्रहणाच्या दिवशी वाहिनीच्या पट्टीवर तो वापरलात तर प्रेक्षक भविष्यच समजणार. तिथे तो टाळा.

भूभौतिकशास्त्रज्ञ आणि भूशास्त्रज्ञ हेही दोन वेगळे लोक. भूशास्त्रज्ञ खडक, त्यांचे थर, त्यांचे वय पाहतो. भूभौतिकशास्त्रज्ञ भूकंपलहरी, गुरुत्व, चुंबकत्व, खडकांतला ताण मोजतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाबद्दल लिहिताना, किंवा नंतर त्या परिसरात ३ किलोमीटर खोल बोअर घेऊन जे अभ्यास सुरू झाले त्यांबद्दल लिहिताना, दोघांचीही गरज लागते. म्हणून तर कोण काय म्हणाले ते वेगळे लिहावे. हवामानशास्त्रज्ञ, जीवभौतिकशास्त्रज्ञ, कणभौतिकशास्त्रज्ञ हे शब्द बरे रुळले आहेत, त्यांवर शाई घालवत नाही.

‘उच्च ऊर्जा भौतिकी’ मात्र हमखास फसवते. ही वीजनिर्मितीची शाखा नाही. अत्यंत वेगवान कणांची टक्कर घडवून पदार्थाच्या मुळाशी काय आहे ते पाहणे, हा तिचा धंदा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला २७ किलोमीटर परिघाचा त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारे यंत्र, त्यासाठीच आहे, आणि ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉनचा शोध तिथेच जाहीर झाला. या क्षेत्रातल्या व्यक्तीला ‘ऊर्जातज्ज्ञ’ केले, की दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांना वीजटंचाईवर प्रतिक्रिया मागते.

पुढचा खड्डा विशेषणांचा. इंग्रजी मजकुरात भौतिकशास्त्रज्ञांच्या दोन जाती सतत येतात : सिद्धांत मांडणारे आणि प्रयोग करणारे. शब्दाला शब्द ठेवून आपण ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ आणि ‘प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ’ करतो. पण रोजच्या मराठीत ‘प्रायोगिक’ म्हणजे चाचणीपुरते. ‘प्रायोगिक तत्त्वावर एकेरी वाहतूक’ हे तुम्हीच छापता. ‘सैद्धांतिक’ म्हणजे राजकीय मतभेदांच्या मागे लागणारे विशेषण. ‘प्रयोगशील’ म्हणावे तर ते नाटककाराला शोभते. त्यापेक्षा विशेषण माणसाला न लावता विषयाला लावा : ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रात काम करणाऱ्या’, ‘प्रयोग करणारे भौतिकशास्त्रज्ञ’. दोन शब्द वाढतात, पण माणूस कायम होतो.

‘भौतिक’ हे एकटे विशेषण तर फारच निसरडे. भौतिक सुख, भौतिक सुविधा, भौतिक प्रगती इथे त्याचा अर्थ ऐहिक, साधनांचा. ‘भौतिकवादी’ म्हणजे जडवादी. भौतिकशास्त्राशी त्याचा काही संबंध नाही, तरी तो शब्द भौतिकशास्त्रज्ञाच्या जागी छापलेला सापडतो. विषयाचे विशेषण हवे असेल तेव्हा ‘भौतिकशास्त्रीय’ वापरा. आणि ‘भौतिकोपचारतज्ज्ञ’ म्हणजे फिजिओथेरपिस्ट. संगणकी भाषांतरात हे दोघे एकमेकांच्या जागी गेले, की क्रिकेट संघाबरोबर भौतिकशास्त्रज्ञ दौऱ्यावर निघतो.

यावरून रुग्णालयाकडे वळू, कारण चुकीच्या शब्दाने खरे नुकसान होते ते तिथे. फिजिशियन आणि फिजिसिस्ट. पहिला औषधवैद्यकाचा डॉक्टर, दुसरा भौतिकशास्त्रज्ञ. हा गोंधळ इंग्रजीतही होता. १८४० मध्ये विल्यम ह्यूवेल यांनी ‘फिजिसिस्ट’ हा शब्द घडवला, तोच मुळी ‘फिजिशियन’ वैद्यांनी आधी घेऊन टाकला होता म्हणून. मायकेल फॅरडे यांना नवा शब्द उच्चारायला इतका अवघड वाटला, की त्यांनी तो वापरण्याची तयारी दाखवली नाही. आपल्याकडे देवनागरीत दोन्ही शब्द घाईत सारखेच दिसतात.

कर्करोगाच्या किरणोपचार विभागात तीन वेगळी माणसे असतात. किती मात्रा द्यायची ते किरणोपचाराचे कर्करोगतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात, समजा एकूण ६० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक), रोज २ ग्रे याप्रमाणे ३० वेळा. ती मात्रा गाठीवर नेमकी पडावी आणि शेजारच्या पाठीच्या कण्यावर किंवा फुप्फुसावर कमीत कमी पडावी, यासाठी सीटी स्कॅनवर किरणांच्या दिशा, झोतांचे आकार आणि प्रत्येक झोताचा मारा यांचे गणित मांडून तपासतो तो वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ. यंत्रावर रुग्णाला झोपवून उपचार देतो तो किरणोपचार तंत्रज्ञ. सकाळी पहिला रुग्ण घेण्याआधी यंत्राचा मारा मोजला जातो. तो ठरलेल्या मूल्यापासून ३ टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर कारण सापडेपर्यंत यंत्र तसेच चालवत नाहीत. ही मोजणी पाहणे, यंत्राचे अंशांकन (कॅलिब्रेशन) करणे, आयनीभवन कक्षासारखी मोजमापाची साधने वेळोवेळी तपासून आणणे हे सगळे भौतिकशास्त्रज्ञाकडे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार किरणोपचार केंद्रात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असावा लागतो. भौतिकशास्त्राबरोबर किरणोत्सर्ग भौतिकीचे वेगळे प्रशिक्षण घेऊनच या जागी येता येते. भाभा अणुसंशोधन केंद्राचा पदविका अभ्यासक्रम त्यासाठीच आहे.

अशा विभागात काही बिघडले आणि बातमीत ‘फिजिशियनने मोजलेली मात्रा चुकली’ असे आले, तर जबाबदारी त्या प्रक्रियेशी संबंध नसलेल्या डॉक्टरवर जाते. ‘तंत्रज्ञाची चूक’ लिहिले तर यंत्र चालवणाऱ्यावर. तेव्हा चौकशी अहवालात कोणता शब्द आहे तो पाहा आणि ‘वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ’ असे पूर्ण लिहा. त्यांच्या नावामागे ‘डॉ.’ असलेच तर ते पीएचडीचे असते, एमबीबीएसचे नाही, हेही एकदा खात्री करून घ्यावे.

लेखनाचे आता. भौतिकशास्त्रज्ञ हा एक शब्द आहे. भौतिकशास्त्र जाणतो तो भौतिकशास्त्रज्ञ. सर्वज्ञ, मर्मज्ञ, गणितज्ञ यांच्यातलाच हा ‘ज्ञ’. मध्ये जागा सोडून ‘भौतिक शास्त्रज्ञ’ लिहिले की ‘भौतिक’ हे शास्त्रज्ञाचे विशेषण होते आणि अर्थ जातो. एका स्तंभाच्या मथळ्यात शब्द मावत नसेल तर ‘भौतिक-’ वर तोडा, ‘शास्त्र-’ वर नको. एकटा ‘ज्ञ’ पुढच्या ओळीत उघडा पडतो. खगोलभौतिकशास्त्रज्ञ खूपच लांब वाटला तर ‘खगोल-भौतिकशास्त्रज्ञ’ चालेल. मराठी विश्वकोशाने ‘भौतिकीविज्ञ’ हा आटोपशीर शब्द वापरला, पण तो वर्तमानपत्रात रुजला नाही. ‘भौतिकी’ आणि ‘भौतिकशास्त्र’ दोन्ही बरोबर. एका लेखात एकच ठेवावा. जुन्या पिढीचा ‘पदार्थविज्ञान’ हा शब्द आता टाळलेला बरा, कारण धातू, बहुवारिके (पॉलिमर), सिरॅमिक यांच्या अभ्यासालाही हल्ली तेच नाव देतात.

‘शास्त्र’ मधला त् खाऊन ‘शास्र’ लिहिणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. त्यापाठोपाठ ‘शास्त्रद्न्य’. आपण ज्ञ चा उच्चार द्न्य असा करतो, आणि रोमन अक्षरांवरून टंकलेखन करणाऱ्या काही कळफलकांवर तसेच उमटते. युनिकोडमध्ये ज्ञ म्हणजे ज, हलन्त, ञ ही तीन चिन्हे, त्याच क्रमाने; इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ५ ची कळ दाबली की अख्खे अक्षर मिळते. डोळ्याला फरक किरकोळ वाटला तरी संकेतस्थळावरच्या शोधयंत्राला तो वेगळा शब्द असतो, म्हणजे तुमचीच बातमी तुमच्याच संग्रहात सापडत नाही. पान सोडण्यापूर्वी ‘शास्र’ आणि ‘द्न्य’ हे दोन तुकडे शोधून बदलणे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ‘अणू’ एकटा असेल तेव्हा दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व : अणुशास्त्रज्ञ, अणुऊर्जा. ‘तज्ज्ञ’ मध्ये दोन ज आहेत.

हिंदी वृत्तसंस्थेच्या मजकुरातून येणारी पाहुणी मंडळी वेगळीच. ‘भौतिकशास्त्री’ आणि ‘भौतिक विज्ञानी’ हिंदीत ठीक आहेत. मराठीत शास्त्री म्हणजे शास्त्रे पढलेला संस्कृत पंडित. ६ जानेवारीला ज्यांच्या आठवणीने तुम्ही पत्रकार दिन साजरा करता त्या बाळशास्त्रींच्या नावातला शास्त्री तो हाच. ‘परमाणु’ तर अर्थच पालटतो. हिंदीत परमाणु आणि अणु, मराठी पाठ्यपुस्तकात त्यांनाच अनुक्रमे अणू आणि रेणू म्हणतात. त्यामुळे हिंदीतला ‘अणु’ तसाच उचलला की रेणूचा अणू होतो. अणूच्या गाभ्याचा अभ्यास करणारा असेल तर ‘अणुकेंद्रकाचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ’ असे उलगडून लिहावे.

स्त्रियांसाठी वेगळे रूप नको. ‘शास्त्रज्ञा’ हा शब्द मराठीत कोणी बोलत नाही. रोहिणी गोडबोले या कणभौतिकशास्त्रज्ञ होत्या, बस्स. विभक्ती लावताना ‘भौतिकशास्त्रज्ञाने’ स्त्रीसाठी कानाला खटकते. आदरार्थी ‘भौतिकशास्त्रज्ञांनी’ सर्वांना चालते. नावावरूनच जिथे बाई आहेत हे कळते तिथे ‘महिला’ हे विशेषण कशाला? बातमीच त्याबद्दल असेल तर गोष्ट निराळी.

वास्तुविशारदाच्या नावाला १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे, डॉक्टर-वकिलांना परिषदा आहेत. भौतिकशास्त्रज्ञ मात्र कोणीही स्वतःला म्हणवून घेऊ शकतो, आणि ‘क्वांटम’ शब्द वापरून उपचार, वास्तुदोष किंवा पाण्याच्या बाटल्या विकणारे तसे म्हणवूनही घेतात. त्यामुळे पडताळणी वृत्तकक्षालाच करावी लागते. कोणत्या संस्थेत काम, कोणत्या विषयावर, समीक्षित नियतकालिकात छापलेले लेख कोणते, आणि ज्यावर ते आज बोलणार तो प्रश्न त्या कामाशी जुळतो का, एवढे विचारावे. चौथा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. लेझरवर नाणावलेल्या व्यक्तीला पावसाच्या अंदाजावर बोलते केले, तर दोष तिचा नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाच्या बातम्या आता अनेक वर्षे येत राहतील. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या त्या यंत्राला ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. त्या भुजांतल्या नळ्या निर्वात करणारे, इमारत बांधणारे, आरसे टांगण्याची यंत्रणा बसवणारे बहुतांशी अभियंते आणि तंत्रज्ञ; लहरीचा संकेत गोंगाटातून कसा वेगळा काढायचा हे ठरवणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलभौतिकी संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. प्रत्येकाच्या नावामागे त्याचा शब्द लागला, तर हिंगोलीतल्या आयटीआयच्या पोरालाही तिथे आपली जागा कोणती ते वाचून कळेल.

भौतिकशास्त्राचे नोबेल ऑक्टोबरात, नोबेल सप्ताहाच्या मंगळवारी, आपल्या वेळेने दुपारी सव्वातीननंतर स्टॉकहोमहून जाहीर होते. तेव्हाची घाई आम्ही समजू शकतो. पण हे नोबेल मिळालेला प्रत्येक जण भौतिकशास्त्रज्ञ नसतो : १९१२ चे विजेते गुस्ताफ डालेन दीपगृहांचे दिवे आपोआप चालू-बंद करणारी झडप बनवणारे अभियंता होते, आणि २०२४ च्या दोघांपैकी जेफ्री हिंटन संगणकशास्त्रज्ञ आहेत. हे नोबेल देणाऱ्या स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या पत्रकाच्या तळाशी प्रत्येक विजेत्याचे जन्मवर्ष, पीएचडीचे वर्ष व विद्यापीठ आणि सध्याचे पद एकेका ओळीत दिलेले असते. मथळा लावण्याआधी त्या ओळी वाचाव्यात, ही विनंती.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही शिक्षक आणि अनुवादक